चोवीस पिंपांची खंडेनवमी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव गुंजोटीकरांनी गोदामाचं शटर वर ढकललं आणि त्यांना वाटलं, आपण चुकून शेजारच्या शेडमध्ये शिरलो. आत पिंपं चोवीसच होती, पण ओळखीचं एकही नव्हतं. त्यांची पिंपं ओक लाकडाची, काळपट, बुचाभोवती चिकट डाग पडलेली. चाकणच्या तीन उन्हाळ्यांत पत्र्याखाली भाजून निघालेली. ही पिंपं हिरवीगार होती. लेथ मशीनला मारतात तो हिरवा. लोखंडी पट्ट्या पिवळ्या. प्रत्येकावर कुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात झेंडूची माळ, आणि रांगेच्या तोंडाशी फोडलेला नारळ.

मागून सावळाराम आला. तोंडाला गमछा बांधलेला, डोळे लाल, हाताच्या कोपरापर्यंत हिरवा.

"बगा सायेब," तो म्हणाला. "वळखू येत्यात का?"

"नाही," दौलतराव म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

सावळाराम गोदाम सांभाळायचा. शेड ज्या जमिनीवर उभी होती ती एके काळी त्याच्या चुलत्याची, त्यामुळे आपण नोकरी करतो की घर राखतो याबद्दल त्याच्या मनात जरा घोळ होता. त्याआधी त्याने बावीस वर्षं एका कंपनीत प्रेस चालवला. आठव्या वर्षी त्या प्रेसने त्याची दोन बोटं घेतली. पुढची चौदा वर्षं दर खंडेनवमीला त्याने त्याच प्रेसला धुतलं, पुसलं, रंग दिला, हार घातला आणि उरलेल्या आठ बोटांनी नमस्कार केला. ह्या सगळ्या पट्ट्यात हे असंच चालतं. नवमीला कंपन्यांतून काम बंद असतं आणि मशीनची आंघोळ असते. ज्याच्या मशीनचा रंग उडालेला, त्याला नोकरीची कदर नाही असं समजतात.

योगिनीची व्हिस्कीची भट्टी सुरू झाल्यापासून सावळारामला ही एकच रुखरुख होती. तांब्याची भट्टी चिंचेनं घासता यायची, पण पिंपांना तीन वर्षांत कुणी हात लावला नव्हता. यंदा योगिनी गोव्याला प्रदर्शनात, दौलतराव गावी घटाला, आणि किल्ली त्याच्याकडे. सप्तमीपासून तो शटर बंद करून कामाला लागला होता.

"दर साली पिंपात कमी भरतंय," सावळाराम सांगत होता. "तुमीच म्हणला व्हता, लाकडाच्या छिद्रातनं हवेत जातंय. बाई म्हणत्यात देवदूतांचा वाटा. म्हणलं, कसलं देवदूत? छिद्रं बुजवून टाकावी. दोन-दोन हात मारल्यात. थिनर वाईच जास्त घातलाय, आत मुरावा म्हणून."

लाकूड श्वास घेतं म्हणूनच पिंपात दारूची व्हिस्की होते, हे त्यांनी सावळारामला दहादा सांगितलं होतं. श्वास घेणारी वस्तू रंगवू नये, एवढंच सांगायचं राहिलं होतं. असं काही सांगावं लागेल हे कुणाच्या डोक्यात येतं?

पण त्यांना धास्ती वाटली ती रंग दिसला म्हणून नव्हे. सावळारामचे डोळे पाझरत होते, तो गमछ्याआडून खोकत होता, चार दिवस कोंडलेल्या थिनरचा भपका बाहेर रस्त्यावरच्या ट्रकवाल्यालाही आला असणार. दौलतराव मात्र मधोमध उभे होते आणि त्यांच्या नाकात नुसती हवा जात होती. कोरी, बिनचेहऱ्याची हवा. मग त्यांना आठवलं, आणि त्यांनी घाईने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

गुढीपाडव्याच्या आधी त्यांना ताप आला होता. साधाच, चार दिवसांचा. उतरला आणि पाडव्याला त्यांच्या पत्नीने, सुमनताईंनी, श्रीखंड वाढलं, त्यात वेलची टाकायची राहिली असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी फोडणीतून कढीपत्ता गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातला नाफ्थलीनचा गोळा नाकपुडीत घालता येईल तितका घातला, आणि मग खाली बसले. कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणाला, वास येईल परत, कधी येतं, कधी नाही येत. ह्या वयात फार मनावर घेऊ नका.

दौलतराव एकसष्ट वर्षांचे होते आणि नाकाखेरीज त्यांच्याकडे मनावर घेण्यासारखं काही नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी एका बड्या कंपनीत मिसळणीचं काम केलं. तिथे व्हिस्की म्हणजे मळीचं स्पिरिट, वर जळक्या साखरेचा रंग, आणि ड्रममधला अर्क. गुरुवारी मिसळलेली शनिवारी बाटलीत. तिचं वय विचारायची पद्धत नव्हती. दिवसाला साठ-साठ नमुने हुंगायचे, जिभेवर घ्यायचे, थुंकायचे. एकतीस वर्षं दारू थुंकून त्यांनी कासारवाडीत दोन खोल्यांचं घर घेतलं, दोन मुली उजवल्या, आणि एक थेंबही गिळला नाही. निवृत्तीनंतर योगिनी सावर्डेकर त्यांना शोधत आली. रावेतला राहणारी, हिंजवडीच्या नोकरीला अकरा वर्षांनी रामराम ठोकलेली. तिला जव आणि मालदांडी ज्वारीची खरी व्हिस्की करायची होती. ज्वारीची व्हिस्की म्हटल्यावर तिच्या वडिलांनी दोन दिवस अन्न सोडलं. ते ज्वारीसाठी की व्हिस्कीसाठी, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दौलतरावांना मात्र तिचं म्हणणं पटलं. जिच्यात अर्क नाही, नुसता काळ आहे, अशी एक तरी दारू आपल्या हातून व्हावी असं त्यांना वाटलं. ही चोवीस पिंपं ती होती. दिवाळीला बाटलीत जायची होती, आणि लेबलवर त्यांचं नाव छापून आलं होतं.

पाडव्यापासून ते वहीवर आणि जिभेवर निभावत होते. गोड, कडू, तुरट, जहाल एवढं जीभ सांगायची. बाकीचं आधीच्या तीन वर्षांच्या नोंदींतून. जूनमध्ये योगिनीने चवीची जाणकार मंडळी बोलावली. दौलतराव एवढंच म्हणाले, "तुम्हीच सांगा काय येतंय." मंडळींनी जांभूळ सांगितलं, जुनं पुस्तक सांगितलं, आणि एका दाढीवाल्याने दूरवरचा समुद्र लिहिला. चाकणपासून समुद्र घाट उतरून सव्वाशे किलोमीटरवर आहे. सगळ्यांनी दौलतरावांच्या मौनाचं फार कौतुक केलं.

मंगळवारी योगिनी आली ती शटरपाशीच थांबली. ओढणी नाकाला लावून तिने हिरव्या रांगा पाहिल्या. सावळाराम एव्हाना समजून चुकला होता की काहीतरी बिनसलं आहे. तो भिंतीला टेकून उभा होता.

"काका, गेलं ना सगळं?"

"नमुने काढू," दौलतराव म्हणाले. "वरून रंगवलंय. आत गेलंच असेल असं नाही."

चोवीस बाटल्यांत चोवीस नमुने निघाले. योगिनीने पहिले चार हुंगले आणि मान हलवली. "मला सगळ्यातच रंग येतोय. माझा हातसुद्धा रंगासारखा वास मारतोय. तुम्हीच बघा. लॅबला पाठवायचं तर ते तीन आठवडे घेणार आणि दिवाळी वीस दिवसांवर आलीये. आणि तुम्ही असताना लॅब कशाला?"

आवाराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची काचेची खोली होती. दौलतराव तिथे बसले. निमुळत्या तोंडाचा ग्लास, दोन बोटं व्हिस्की, तितकंच पाणी, वर झाकण, मग झाकण काढून नाक. हे त्यांनी चोवीस वेळा केलं. हात अगदी बरोबर चालत होते. काचेबाहेर योगिनी, सावळाराम आणि बाटल्या धुणाऱ्या दोघी-तिघी उभ्या होत्या. दवाखान्यात ऑपरेशनच्या दाराबाहेर नातेवाईक उभे राहतात तशा. प्रत्येक ग्लासनंतर दौलतराव डोळे मिटायचे. पूर्वी डोळे मिटले की वास उलगडत जायचा. आता नुसता अंधार व्हायचा.

चोविसाव्यानंतर ते बाहेर आले.

"मला एकातही रंगाचा वास आला नाही," ते म्हणाले.

वाक्य शब्दाशब्दाला खरं होतं. योगिनी खाली पायरीवर बसली आणि रडली. सावळारामने पुढे येऊन त्यांचे पाय धरले. "वाचिवलंत सायेब," तो म्हणाला, "न्हाईतर मी काय तोंड दावलं असतं बाईंना!" त्याचं कपाळ त्यांच्या चपलेला लागलं, आणि दौलतरावांना वाटलं, आता पाय मागे घेतला तर सगळं सांगावं लागेल. त्यांनी तो घेतला नाही.

बुधवारी बाटलीभरणीची तारीख ठरली. दौलतरावांना दिवसभर एकच हिशेब सुचत होता. रंग आत गेला नसेल तर काहीच झालं नाही. गेला असेल तर तो लोकांच्या पोटात जाणार, आणि वर नाव आपलं. मध्ये एक नाक हवं होतं.

गुरुवारी चाकणला सुट्टी. पलीकडची पावडर कोटिंगची भट्टी बंद, फोर्जिंगचा घण बंद, आणि आठवड्यात एकदाच मिळणारी स्वच्छ हवा शेताकडून आत येते. कामाच्या बायकांतली ठकुबाई तेवढी आली होती, ग्लास धुवायला. ठकुबाई म्हणजे सावळारामची बायको. दौलतरावांनी मागच्या बांधावर तीन ग्लास मांडले आणि तिला हाक मारली.

"धुवायच्यात व्हय?"

"नाही. वास घ्यायचाय."

"कुनी?"

"तुम्ही."

त्यांनी काही भलतंच विचारल्यासारखं ठकुबाईने त्यांच्याकडे पाहिलं. "सायेब, आमच्या घरात ह्याचं नाव काढत न्हाईत. भांडी घासतीया ती पोटासाठी."

"प्यायची नाही, ओठाला लावायची नाही. कालवण आंबलंय का बघता ना, तसं बघायचं."

तिने पदर खोचला, पहिला ग्लास हातभर लांब धरला आणि मग जवळ आणला. "दारू," ती म्हणाली.

"आणि?"

"आन् काय? दारू ती दारू." दुसरा उचलला. "ही बी दारूच. पर गोड हाय वाईच. हुरडा भाजल्यावानी." तिला स्वतःचंच हसू आलं. "आता गावात सांगू नगा, ठकुबाईला दारूत हुरडा घावला म्हणून."

तिसरा ग्लास तिने नाकापाशी नेला आणि थांबली. मग तो परत बांधावर ठेवला. हात पदराला पुसले, नुसतं धरल्याने काही लागलं असावं तसे.

"ही कुठल्या पिंपातली?"

"सात नंबर."

"आमच्या ह्यांनी रंगिवल्यालं?"

"सगळीच त्यांनी रंगवलीत."

ठकुबाई शेताकडे बघत राहिली. दौलतरावांच्या लक्षात आलं की तिला सगळं कळलं आहे. मंगळवारी नवरा घरी कसा आला असेल, काय म्हणाला असेल, साहेबांनी कसं वाचवलं. आणि आता ती 'काही नाही' म्हणाली तर विषय इथेच मिटतो. ती तसं म्हणेल अशी त्यांना आशा वाटली. ह्या आशेची त्यांना लाज वाटायला थोडा वेळ लागला.

"माझा भाऊ व्हता, भैरू," ठकुबाई म्हणाली. "कुठनं तरी फुग्यात भरून विकत्यात ती गावठी पिऊन आला. त्यात काय घातलं व्हतं, देवाला ठावं. दुसऱ्या दिशी म्हणला, अक्के, दिवा का लावत न्हाईस? आन् उनं पडली व्हती भायेर. त्याच्या तोंडाला असलाच वास व्हता." तिने ग्लासकडे बोट केलं. "ह्यात रंग हाय, सायेब. आता ह्यांला कामावरनं काढा न्हाईतर काय बी करा. पर असलं कुनाच्या पोटात घालू नगा."

दौलतराव बांधावर बसले.

"पर एवढा भपका मारतोय," ती म्हणाली, "आन् तुमास्नी चोवीसातनं एकातबी आला न्हाई?"

"कामून येईल?" दौलतराव म्हणाले. तीस वर्षं कासारवाडीत काढून घासून गुळगुळीत केलेली भाषा मध्येच त्यांच्या गावी, उमरग्याला, जाऊन आली. "मला काहीच येत नाही, ठकुबाई. पाडव्यापासून. साबणसुद्धा नाही."

हे त्यांनी कुणाला तरी पहिल्यांदाच सांगितलं. सुमनताईंनाही नाही, मुलींनाही नाही. ठकुबाईने 'अरेरे' केलं नाही.

"मग बाईंना सांगा," ती म्हणाली. "त्या हापिसातच हायेत. खोक्यांवाला आलाय."

योगिनी टेबलावर बाटलीची नवी खोकी उघडून बघत होती. खोकीवाला जाईपर्यंत दौलतराव उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं. फार शब्द लागले नाहीत.

"मंगळवारी तुम्ही म्हणालात..."

"मंगळवारी मी म्हणालो, मला वास आला नाही. आला नव्हता."

तिने हातातलं खोकं बंद केलं. "आणि जूनमध्ये?"

"जूनमध्येही नव्हता."

"त्या माणसाने समुद्र लिहिला होता, काका."

"तो त्याचा त्याला आला असेल."

योगिनीला हसू फुटलं, आणि अर्ध्यातच तिचा चेहरा बदलला. "माणसं मेली असती," ती म्हणाली. "आंधळी झाली असती. तुम्ही मला घरच्यासारखे म्हणून मी लॅबला सुद्धा पाठवलं नाही."

"हो."

"नुसतं हो काय?"

"दुसरं काय म्हणू? भीती वाटली. नाक गेलं म्हटल्यावर मी कोण, हे मला सांगता येईना. लेबलवरचं नाव काढून टाका."

"ते काढणारच आहे," योगिनी म्हणाली. आवाज चढवला नाही. दौलतरावांना तो चढवला असता तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सावळाराममामांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

सावळाराम सुट्टी असूनही गोदामाच्या दारात बसला होता. दौलतराव त्याच्या शेजारी बसले आणि त्यांनी दोन्ही सांगितलं. आधी स्वतःचं, मग पिंपांचं. सावळारामने ऐकून घेतलं. मग आपला तीन बोटांचा हात पालथा करून बघितला, त्यावर अजून हिरवा होता.

"थिनर आत मुरावा म्हणून घातला व्हता," तो म्हणाला.

"मुरला," दौलतराव म्हणाले.

मग सावळाराम म्हणाला, "त्या प्रेसनं माजी बोटं घेतली सायेब, पर मी तिला रंग दिला तर ती कधी बिघडली न्हाई," आणि उठून पिंपांवरचे वाळलेले हार काढायला गेला.

ठकुबाईला तयार करायला योगिनीला दोन दिवस लागले. "मी न्हाई बाई," ती म्हणत होती. "गावात म्हणतील, म्हातारी ह्या वयात दारू हुंगायला लागली." शेवटी अटी ठरल्या. ग्लास ओठाला लागणार नाही, फोटो निघणार नाही, नाव कुठे छापलं जाणार नाही, आणि काम सकाळी, पोटात भाकरी गेल्यावर. ती काचेच्या खोलीत खिडकीशी बसायची. एका ग्लासनंतर बाहेर जाऊन मोकळी हवा घ्यायची, मग दुसरा. दोन दिवस तिने चोवीस नमुने तीन-तीनदा घेतले, नंबर झाकून. तिन्ही वेळा तिचं उत्तर एकच आलं. पंधरांत रंग होता, नऊंत नव्हता. नऊ पिंपं मागच्या रांगेतली निघाली. तिथवर येईस्तो सावळारामचा डबा संपत आला होता आणि त्याने एकाच हातावर भागवलं होतं.

तरी योगिनीने चोवीसच्या चोवीस नमुने लॅबला पाठवले. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला तो ठकुबाईसारखाच, फक्त इंग्रजीत. तोवर दिवाळी होऊन गेली होती.

पंधरा पिंपं टँकरमध्ये रिकामी झाली. रंगाच्या कारखान्यांचं घाण थिनर जिथे जाळतात, तिथे तो टँकर गेला. तीन वर्षं पाइपातून निघायला पाऊण तास लागला. दौलतराव पाइपापाशी शेवटपर्यंत उभे होते. बाजूच्या माणसांनी नाकं धरली होती आणि मध्येच एकाने, "काय वास आहे राव, रंगातनं सुद्धा कसला भारी येतोय," म्हणून हळहळ केली. दौलतरावांनी त्याला नीट विचारून घेतलं, भारी म्हणजे कसला. त्याला सांगता आलं नाही.

उरलेल्या नऊ पिंपांचा रंग उतरवायचा होता. त्यांना पुन्हा श्वास मिळायला हवा होता. रंगावर द्रावण टाकायचं नाही, आग दाखवायची नाही, पाणी मुरवायचं नाही. फुटक्या काचेच्या धारेने लाकूड न दुखवता खरवडायचं, बस्स. पिंपं मागच्या आवारात आणली. दोन हजेरीवाली माणसं लावली, ती दुपारपर्यंत डोकं धरून बसली. खरवडलेल्या रंगाचा भपका नाकात जाऊन त्यांना मळमळत होतं. सावळारामला खोकल्याने धरलं.

तेव्हा दौलतरावांनी बाह्या सारल्या. ह्या कामाला त्यांच्याइतका लायक माणूस कंपनीत दुसरा नव्हता. पगार योगिनीने निम्मा केला होता आणि त्यांनी काही म्हटलं नव्हतं. रोज सकाळी ते कासारवाडीहून निघायचे, काचेचा तुकडा घेऊन पिंपापाशी उकिडवे बसायचे. सुमनताईंना त्यांनी एका संध्याकाळी सगळं सांगितलं, तेव्हा त्या आधी गॅसचं बटन बंद आहे का ते बघून आल्या आणि मग शेजारी बसल्या.

ते पाचव्या पिंपावर असताना ठकुबाई काचेच्या खोलीच्या दारात आली. हातात झाकलेला ग्लास.

"सायेब, एकवीस नंबरला येगळंच कायतरी येतंय. काय म्हणायचं त्याला, सुचंना."

दौलतरावांनी काच खाली ठेवली, हात पुसले, खिशातून वही काढली. "रंग?"

"न्हाई, न्हाई. रंग न्हाई. चांगलं हाय. घोंगडीवानी."

"नवी का जुनी?"

"जुनी."

"ओली?"

ठकुबाईने झाकण काढलं, ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. सावळाराम खरवडायचा थांबून बायकोकडे बघत राहिला.

"भिजून वाळल्याली," ती म्हणाली. "आन् तिच्यावर कुनीतरी गूळ फोडलाय."

"थांबा," दौलतराव म्हणाले, "हळू सांगा," आणि लिहायला लागले.